घोड्याचा रतीब

दुधाचा रतीब लावला, रतीब बंद केला, पाहुणे आलेत म्हणून चार दिवस रतीब वाढवला. हे आपण इतक्या सहज बोलतो की हा शब्द आला कुठून, असे विचारावेसेच वाटत नाही. मूळ शब्द अरबी आहे, 'रातिब'. अर्थ ठरलेले, नेमून दिलेले, न चुकता मिळणारे. जुन्या मराठी कागदांत मात्र तो भेटतो जनावरांच्या खाण्यासंदर्भात, विशेषतः घोड्यांच्या. दूधवाला आपल्या दारात यायच्या कितीतरी आधी रतीब घोड्याचा होता.

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी टांगा हाकत. घोडीच्या सकाळ-संध्याकाळच्या दाण्याला ते 'रातब' म्हणत. लहानपणी मला वाटायचे की दादांचा शब्द चुकतोय, रतीब तर दुधाचा असतो. पुढे इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळले की चूक माझी होती.

अधूनमधून कुणीतरी मराठीतले अरबी-फारसी शब्द वेचून बाहेर काढायची टूम काढतो. ही टूम आजची नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला तोही दरबारी भाषेतल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. त्यामागे राज्यकर्त्याची भूमिका होती आणि ती समजण्यासारखी आहे. पण घोड्याच्या ठाणावर पागा, तोबरा, लगाम, जीन, नालबंद हे शब्द राहिले ते राहिलेच. त्यांच्या शेजारी चंदी, वैरण, दावण हेही राहिले. दोन्हीकडचे शब्द एकाच खुंट्याला बांधलेले. असे का झाले याचे उत्तर मी बरीच वर्षे दरबारात शोधत होतो. आता वाटते, ते घोड्याच्या पोटात आहे.

घोडा दिसायला जितका दांडगा तितकाच पोटाने नाजूक. चार-पाचशे किलोच्या या जनावराचे जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचे, एखाद्या बादलीएवढे. मोकळ्या रानात तो दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडेथोडे चरत असतो. त्यामुळे जठर कधी ठासून भरत नाही आणि पुरते रिकामेही होत नाही. गवत खरे पचते ते पुढे, मोठ्या आतड्यात. त्यातल्या एकट्या आंधळ्या आतड्याची पिशवीच तीसेक लिटरची असते. तिथले सूक्ष्म जीव गवत आंबवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. हे जीव सवयीचे गुलाम. रोजचे गवत, रोजचा दाणा यांवर ते पोसलेले असतात. एके दिवशी भलताच किंवा भरमसाट दाणा घातला, तर तो लहान आतड्यात पुरता पचत नाही, तसाच पुढे जातो आणि तिथे नको तसा आंबतो. वायू धरतो, आम्ल वाढते, पोट फुगते, कळा सुरू होतात. पोट वाचले तरी पाय जाऊ शकतात, कारण हा विकार खुरांत उतरतो आणि घोड्याला उभे राहणे नकोसे होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घोड्याला ओकता येत नाही. एकदा आत गेले की परत फिरायची वाट बंद.

अरबांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. जव खाऊन घोड्याला अजीर्ण झाले, त्याच्या तोंडाला वास यायला लागला, एवढ्या सगळ्याला अरबी शब्दकोशांत एकच क्रियापद आहे, 'हमिर'. ज्या दुखण्याला भाषेत स्वतःचे क्रियापद मिळते ते घरोघरचे असले पाहिजे.

याच अरबांचे आणि इराणींचे घोडे जहाजांतून हिंदुस्थानात येत. तेराव्या शतकाच्या अखेरीला या व्यापाराचा मोठा तळ दक्षिणेत मअबरला, म्हणजे पांड्यांच्या तमिळ मुलखात होता. शिराझचा इतिहासकार वस्साफ लिहितो की कीश बेटाचा मलिक-उल-इस्लाम जमालुद्दीन दरसाल १४०० घोडे मअबरला पाठवी, एका घोड्याची किंमत २२० सोन्याचे दिनार, आणि वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याचेही पैसे पांड्य राजाच्या खजिन्यातून चुकते होत. याच सुमारास मार्को पोलो तिथे गेला होता. तो सांगतो की हे राजे दर वर्षी हजारोंनी घोडे घेतात आणि वर्ष संपताना त्यांतले शंभरही उरत नाहीत. का? तर घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस चारतात, निगा राखणारे कुणी नाही, नालबंद नाही. वर तो असेही सांगतो की घोड्यांचे व्यापारी मुद्दामच कुणी नालबंद तिकडे जाऊ देत नाहीत. घोडे मेले की पुढच्या वर्षी पुन्हा गिऱ्हाईक तयार. (आपल्या ठाण्याबद्दल त्याने लिहिले आहे तेही फार भूषणावह नाही. तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता, लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा.)

वस्साफची तक्रार थोडी वेगळी. तो म्हणतो, हे लोक घोड्याला कच्चे जव द्यायचे सोडून भाजलेले जव आणि लोण्यात घोळलेला दाणा देतात, प्यायला उकळलेले गाईचे दूध. चाळीस दिवस दोरखंडांनी, खुंट्यांनी जखडून ठेवून लठ्ठ करतात, मग काही न शिकवता, रिकीबसुद्धा न लावता त्यांच्यावर स्वार होतात.

हे उतारे अनेकदा दिले जातात ते 'हिंदुस्थान्यांना घोडा कळत नव्हता' एवढे म्हणण्यासाठी. आमच्याकडचे काही लोकही ते चवीने सांगतात, जणू घोडा ही आपलीच खासगी मिळकत. मला हा निष्कर्ष पटत नाही. एक तर दोघेही विकणाऱ्यांच्या बाजूने बोलत आहेत. माल विकणाऱ्याने 'माल चांगलाच होता, तुम्ही बिघडवलात' असे म्हणावे यात नवल काय? दुसरे, तूप-लोणी घालणे हा अडाणीपणा नव्हता. घोड्याला पित्ताशय नसते, तरी बेताने आणि सवयीने दिलेले तूप-तेल तो चांगला पचवतो. जास्तीच्या दाण्याचा भार आतड्यावर न टाकता ताकद देण्याचा तो एक मार्ग आहे आणि आजचे घोड्यांचे डॉक्टरही तो सांगतात.

मग त्या घोड्यांना मारले कशाने? वस्साफच्या वाक्यातच उत्तर आहे, फक्त त्याचा रोख दुसरीकडे होता. चाळीस दिवस जखडून ठेवणे. आठवडेच्या आठवडे जहाजावर सुक्या चाऱ्यावर काढलेला घोडा उतरवायचा, त्याच्यासमोर एकदम कधी न पाहिलेले खाणे ओतायचे आणि त्याला एक पाऊल टाकू द्यायचे नाही. अकबर-बिरबलाच्या नावावर सांगितले जाणारे कोडे आपण शाळेत घातले आहे, भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. मअबरचे घोडेही बहुधा न फिरवल्यामुळेच अडले. खाणे बदलताना घोड्याला वेळ द्यावा लागतो, आठवडा-दोन आठवडे जुन्यात थोडेथोडे नवे मिसळत. आणि खाल्लेले जिरवायला चालणे लागते.

पांड्यांच्या मुलखातून आता जुन्नरला यावे लागेल, काळही पावणेदोनशे वर्षांनी पुढे. १४७० च्या आसपास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. मुलूख बहमनी सुलतानाचा. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितले, इस्लाम कबूल कर, घोडाही देतो आणि वर हजार मोहराही. हे वाचताना मान खाली जाते, ते लपवण्यात अर्थ नाही. निकितीनला त्याचा घोडा परत मिळाला तो एका खुरासानी मुसलमानाने, ख्वाजा मुहम्मदने, खानाकडे रदबदली केली म्हणून. दोन्ही गोष्टी निकितीननेच लिहून ठेवल्या आहेत.

पण मला त्याच्या रोजनिशीतली वेगळीच ओळ हवी होती. पावसाळाभर तो जुन्नरला अडकून पडला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो म्हणतो. आणि सांगतो की इथले लोक घोड्यांना हरभरा चारतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात. वस्साफ ज्याला हसला तेच हे खाणे, फक्त आता बहमनी सरदारांच्या तबेल्यात, अरबी आणि इराणी घोड्यांना. म्हणजे बाहेरून आलेल्या घोडेवाल्यांनीही शेवटी इथलीच चंदी स्वीकारली. दख्खनमध्ये जव फारसे नाहीत, हरभरा आहे, कुळीथ आहे. कुळथाला इंग्रजांनी नाव दिले तेच मुळी घोड्यांवरून. हे दोन्ही दाणे कोरडे घातले तर पोटात जाऊन फुगतात, म्हणून इथे भिजवून किंवा उकडून द्यायची रीत पडली. ज्याला वस्साफ शिजवलेले खाणे म्हणून नाक मुरडतो, त्यातले निम्मे शहाणपणच होते.

हे शहाणपण तोंडी राहिले नाही. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने शालिहोत्राच्या अश्वविद्येचे संस्कृतातून फारसीत भाषांतर करवून घेतले. पुढे शाहजहानच्या काळात अब्दुल्लाखान फीरोजजंगानेही असेच भाषांतर केले. अठराव्या शतकाच्या शेवटी सआदत यार खान रंगीन या शायराने उर्दूत फरसनामा लिहिला. शालिहोत्र ऋषीच्या नावावरून घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणू लागले, आणि हा सालोत्री पुष्कळदा मुसलमान असे. ऋषीचे नाव मिरवणारा मुसलमान वैद्य, अरबी नावाचा रतीब आणि देशी कुळीथ. १८६२ मध्ये इंग्रजांनी लष्करासाठी पुण्यात पशुवैद्यकाची शाळा काढली, तेव्हाही फौजेतल्या या माणसांचे नाव सालोत्रीच राहिले.

आता थोडे दीनातले. हजरत तमीम दारी हे पैगंबरांचे (स.) सहाबी. एकदा कुणी त्यांच्याकडे गेले तर ते स्वतः बसून घोड्यासाठी जव निवडत होते, घरची माणसे भोवती असताना. हे काम दुसऱ्या कुणाला सांगता आले नसते का, असे विचारल्यावर त्यांनी पैगंबरांचे म्हणणे सांगितले, त्याचा आशय असा की मुसलमान आपल्या घोड्यासाठी जव निवडतो आणि त्याला बांधतो, तेव्हा दाण्यागणिक त्याच्या नावे नेकी लिहिली जाते. खुतब्यात ही हदीस सांगतात ती सवाबासाठी. मी टांगेवाल्याचा नातू, मला त्यात खडे दिसतात. जव निवडायचे म्हणजे माती-खडे काढायचे. वाळवंटी मुलखात दाण्याबरोबर रेती पोटात जाते, मोठ्या आतड्यात साचते आणि एक दिवस घोडा लोळायला लागतो. तोबऱ्याचेही कारण हेच. दाणा जमिनीवर न पसरता पिशवीत घालून तोंडाला बांधला की सांडत नाही आणि घोडा मातीही चाटत नाही. आपण मात्र पानाचा तोबरा भरतो आणि मूळ तोबरा विसरून गेलो.

अबुल फजलने आईन-ए-अकबरीत शाही तबेल्याचा हिशेब दिला आहे. तबेल्यात बैतार म्हणजे घोड्यांचा वैद्य आहे, दोन घोड्यांमागे एक सईस आहे. खाशा घोड्याचा रोजचा खुराक पूर्वी आठ शेर होता, तेव्हा शेर २८ दामांचा होता. मग शेर ३० दामांचा झाला आणि खुराक साडेसात शेर केला. वाचणाऱ्याला वाटते, कपात केली. गुणाकार करून पाहा. आठ गुणिले अठ्ठावीस २२४, साडेसात गुणिले तीस २२५. आजच्या मापात दोन्ही पावणेपाच किलोच्या आसपास. बादशहाने सगळ्या मुलखाचे वजनमाप बदलले, पण घोड्याच्या पोटाला त्याचा पत्ता लागू दिला नाही.

त्याच आईनमध्ये पुढे एक नियम आहे. हिवाळ्यात उकडलेला दाणा, हिरवा चारा सुरू व्हायच्या आधी अर्धा शेर तूप, असे सांगत सांगत तो म्हणतो की ताज्या गवताचा हंगाम आला की पहिले तीन दिवस दाणा अजिबात द्यायचा नाही. नंतर सहा शेर दाणा आणि दोन शेर गूळ. कोवळ्या हिरव्या गवतात साखर ठासून भरलेली असते. त्यात दाण्याची भर पडली की आतड्यात आग लागते. आज हे प्रयोगशाळेत मोजता येते. तेव्हा ते मेलेल्या घोड्यांवरून मोजले असणार.

सह्याद्रीत प्रश्न उलटा होता, हिरव्याचा नव्हे तर साठ्याचा. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या पागेच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांचे १६७३-७४ च्या सुमाराचे एक पत्र आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये म्हणणारे पत्र म्हणून ते सर्वांना ऐकून माहीत असते, आणि त्याचे मोठेपण त्यात आहेच. पण ते पत्र सुरू होते घोड्यांच्या चाऱ्यापासून. पावसाळ्यासाठी दाणा, रातीब, गवत जमवून ठेवले आहे. आत्ता आहे म्हणून मनाला येईल तसे चाराल, मग ऐन पावसात संपेल, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेला त्रास द्यायला लागाल, असा त्याचा ओघ आहे. दिव्याची जळती वात उंदराने नेली तर गवताला आग लागेल, इथपर्यंत महाराजांचे लक्ष गेले आहे. कारण गवत गेले की उरतो नुसता दाणा, नाहीतर कुणाच्या तरी घरातून ओढून आणलेले भलतेसलते. सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचे सांगितले आहे. पाणी आणि खूर. मअबरच्या राजांकडे नेमके जे नव्हते, ते.

हे सगळे वाचताना मला दादांची राणी आठवत राहिली. मी तिला पाहिलेले नाही. १९७२ च्या दुष्काळात दादांनी तिला कसेबसे जगवले होते. कडबा मिळेना, मिळाला तर परवडेना. उसाचे वाढे, वाळका पाला, मूठभर हरभऱ्याची चूर. टांग्याला गिऱ्हाईक नव्हते, पण घोडी विकायची नाही यावर ते अडून बसले. पुढच्या वर्षी पाऊस पडला. नदीकाठ हिरवा झाला. दादांनी एक दिवस राणीला तिकडे नेऊन मोकळे सोडले आणि संध्याकाळपर्यंत चरू दिले. घरी आणल्यावर तोबराही भरला, नेहमीपेक्षा जास्त, कारण उद्यापासून टांगा जोडायचा होता.

रात्री ती वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली. मग पाय आपटणे, मग लोळणे. दादांनी हिंग, ओवा, काळे मीठ पाण्यात कालवून पाजले आणि गल्लीतून रात्रभर तिला फिरवत राहिले. फजरच्या अजानीआधी ती गेली.

हे त्यांनी मला फार उशिरा सांगितले, मी कॉलेजात असताना. म्हणाले, "मला माहीत नव्हतं असं नाही. हिरवं सुरू झालं की तीन दिवस दाणा बंद, आणि हिरवंसुद्धा मुठीनं. माझ्या बापानं सांगितलं होतं. पण तिच्या बरगड्या बघून मला राहवलं नाही रे." दादांना लिहिता-वाचता येत नव्हते. अबुल फजल हे नाव त्यांनी कधी ऐकले असेल असे वाटत नाही.

त्यानंतर त्यांनी आणखी दोन घोडे ठेवले. त्यांचा दाणा मात्र ते मापट्याने मोजूनच घालत, वर हाताने सपाट करून. ते मापटे आमच्या घरी अजून आहे, अम्मी त्याने तांदूळ मोजते. आणि दर वर्षी पहिला पाऊस पडून नदीकाठ हिरवा झाला की दादा घोड्याच्या तोंडाला बैलासारखे मुसके बांधून त्याला फिरवायला नेत. मोहल्ल्यातली पोरे हसत. घोडा हिरव्याकडे मान ताणायचा आणि दादा त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे.